मराठी मिडियमचं लेकरू अकरावीत केमिस्ट्रीला घाबरतंय, सायन्स सोडावं का?

दिवाळी झाली की माझ्याकडं हा एकच प्रश्न घेऊन पालक येतात, लेकरू दहावीपर्यंत मराठी शाळेत होतं, मार्क चांगले होते, लातूरला अकरावी सायन्सला टाकलं आन् आता केमिस्ट्रीचं नाव काढलं की रडतंय, तर आर्टला टाकू का. एका पोरीचं सांगते, औसा तालुक्यातली, नाव नाही सांगत.

वडील रूमवर ज्वारी द्यायला आलेले, तसेच तिला घेऊन माझ्याकडं आले, ज्वारीची गोणी दारातच टेकवली. "मॅडम, लेकरू नीट जेवायलं नाही, पन्नासपैकी नऊ पडलेत, आता काय करावं?" पोरगी खाली मान घालून बसलेली.

मी वही मागितली. सॉल्टच्या बाजूला पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेलं, मीठ. बेसच्या बाजूला, पाया. मोल आणि मॉलिक्यूल एकच समजून पानंच्या पानं गणितं केलेली, सगळी चुकलेली. लई वाईट वाटलं मला, एवढी मेहनत! मी विचारलं, क्षार म्हणजे काय गं? पटकन म्हणाली, आम्ल आणि आम्लारीची अभिक्रिया झाली की क्षार आणि पाणी तयार होतं. मग म्हणलं हाच तो सॉल्ट, आम्लारी म्हणजे बेस, मीठ हा एक क्षार, तुमच्या फवारणीतलं मोरचूद पण क्षारच. तिनं पहिल्यांदा वर बघितलं.

मोलसाठी मी वडिलांनाच विचारलं, कडबा कसा विकता? "शेकड्यानं." मग बघ, मॉलिक्यूल म्हणजे रेणू, ती एक पेंढी, आन् मोल हा शेकड्यासारखा मोजायचा शब्द, फक्त शंभरच्या जागी ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम, चहाचे साडेतीन चमचे.

ज्वारीची गोणी युरियाची होती म्हणून म्हणलं युरियाचा एक मोल किती ग्रॅम ते काढ, एका रेणूतल्या सगळ्या अणूंची वजनं मिळवून. कार्बन १२, ऑक्सिजन १६, दोन नायट्रोजन २८, चार हायड्रोजन ४, झाले ६०. त्यात नायट्रोजन किती टक्के? २८ भागिले ६०, आलं ४६.६७. आता गोणी वाच म्हणलं. नायट्रोजन ४६ टक्के, छापलेलंच होतं. वडील उठून गोणीजवळ गेले, त्या आकड्यावर बोट ठेवून उभे राहिले, "इतकी वर्षं टाकायलोय मी हे."

पालकांनो, अशा लेकराला लगेच सायन्स सोडायला लावू नका. त्याला अर्थ येत असतो, शब्द नवा असतो. दहावीची मराठी विज्ञानाची पुस्तकं रद्दीत घालू नका, रूमवर द्या, प्रत्येक इंग्रजी शब्दापुढं तिथला मराठी शब्द लिहू द्या, डिक्शनरीतला नको. रिडक्शनला डिक्शनरी घट म्हणते, आपल्या पुस्तकात क्षपण आहे. आन् हे करूनही लेकराला मनापासून सायन्स नकोच असेल तर ते वेगळं, तेव्हा त्याचं ऐका.

या पोरीला पुढच्या टेस्टला एकवीस पडले. मोलॅरिटी-मोलॅलिटीत, म्हणजे द्रावणात किती मोल विरघळलेत ते मोजायच्या दोन पद्धतीत, गोंधळ व्हायचाच. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला, "मॅडम, द्रावणाच्या लिटरवर मोलॅरिटी, द्रावकाच्या किलोवर मोलॅलिटी, आता नाही चुकायले मी."