‘हाइ’ : होकार की हुंकार?

प्रश्न असा आहे : ‘जपानी सहकाऱ्यांपुढे मी प्रस्ताव मांडत होतो, तेव्हा ते सारखे “हाइ, हाइ” म्हणत होते. मला वाटलं, काम झालं. नंतर नकार आला. “हाइ” म्हणजे “हो” ना? आणि या सवयीला मराठीत काय म्हणावं?’

शब्दकोशात ‘हाइ’पुढे ‘हो’ दिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण समोरचा बोलत असताना मध्येमध्ये येणारा ‘हाइ’ म्हणजे आपला ‘हं’. ऐकतोय, पुढे बोला. आजीची गोष्ट ऐकताना आपण हुंकार द्यायचो. तो थांबला की आजी विचारायची, ‘झोपलास का रे?’ हुंकार दिला म्हणजे राक्षसाचं वागणं पोराला पटलं, असा अर्थ तिने कधी काढला नाही.

जपानीत या हुंकाराला ‘आइझुची’ म्हणतात. शब्द आलाय लोहाराच्या ऐरणीवरून, म्हणून तो मला फार प्रिय आहे. ‘आइ’ म्हणजे परस्पर आणि ‘त्सुची’ म्हणजे हातोडा. जोडशब्दात ‘त्सुची’चं ‘झुची’ होतं. तापलेल्या लोखंडावर उस्तादाचा एक घाव पडला की समोरून शिष्याचा दुसरा, असे आळीपाळीने. म्हणून तिथे आइझुची ‘देत’ नाहीत, ‘ठोकतात’. क्रियापद आहे ‘उत्सु’. आपल्याकडे शाहिराच्या ओळीवर झीलकऱ्यांचं ‘जी जी रं जी’ पडतं, ते याच जातीचं. त्याशिवाय पोवाडा उभाच राहत नाही.

तेव्हा मराठीत ‘हुंकार’च म्हणावं. तुमचा घोटाळा झाला तो हुंकाराला होकार समजल्यामुळे. ‘सो देस ने’ (‘हो ना’), ‘नारुहोदो’ (‘अच्छा, असं आहे तर’) हेही हुंकारच. (‘नारुहोदो’ वरिष्ठांना उद्देशून म्हटलेलं काहींना खटकतं, तेवढं जपा.) खरा होकार ‘शोउची शिमाशिता’, म्हणजे ‘समजलं, मान्य आहे’, अशा शब्दांत येतो. ‘केन्तो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, हे ऐकलंत तर आपलं ‘बघू’ आठवा. लग्नाच्या बोलणीत ‘बघू, कळवतो’ म्हटल्यावर कोणी हॉल बुक करत नाही.

एका बाबतीत मात्र मराठी माणसाला सोपं जावं. ‘अहवाल आला नाही का?’ याला जपानी माणूस ‘हाइ’ म्हणाला, तर अहवाल आलेला नाही. आपणही ‘हो, नाही आला अजून’ असंच म्हणतो. इंग्रजीतून विचार केला की गोंधळ होतो.

आणि तुम्ही ऐकणारे असाल तेव्हा? ऑनलाइन बैठकीत आपण शिस्त म्हणून माइक बंद ठेवतो. पलीकडचा जपानी माणूस दोन वाक्यं बोलून थांबतो, मग विचारतो, ‘किकोएमासु का?’ ऐकू येतंय ना? त्याला हातोड्याचा दुसरा घाव ऐकू आलेला नसतो. दोघांचंच बोलणं असेल तर माइक चालू ठेवा आणि त्याच्या वाक्यात ‘ने’ (आपल्या ‘ना’सारखा) आला, तो क्षणभर थांबला, की तिथे हळूच ‘हाइ’ म्हणा. सभा मोठी असेल तर कॅमेऱ्यापुढे मान हलवली तरी पुरते.