प्लॅनिंग बारमधलं पहिलं वर्ष

प्युपिलेज, म्हणजे बॅरिस्टरच्या प्रशिक्षणाची जागा, मिळाली, अभिनंदन! इंग्लंडमधल्या प्लॅनिंग (बांधकाम-परवानग्यांचा कायदा) आणि पर्यावरणाच्या कामात सुरुवातीला एवढंच सांभाळ.

आधी तारीख. नियोजन परवानगीला ज्युडिशियल रिव्ह्यूत (निर्णय कायदेशीर होता का याची कोर्टातली तपासणी) आव्हान द्यायला फक्त 6 आठवडे मिळतात. एरवीचे 3 महिने इथे नाहीत. गावकरी कौन्सिलशी पत्रव्यवहार करत बसतात आणि पाचव्या आठवड्यात धावत येतात. ब्रीफ (केसचे कागद) हातात आलं की परवानगीवरची तारीख बघ, चहा नंतर.

दुसरं, आणि नवशिके घसरतात ते इथेच: इमारत चांगली की वाईट हे न्यायाधीश ठरवत नाहीत, निर्णय कायद्याला धरून होता का एवढंच बघतात. झाडं, सावली, ट्रॅफिक यांवर वीस पानं लिहू नकोस. त्यापेक्षा कौन्सिलच्या अधिकाऱ्याने समितीपुढे ठेवलेला अहवाल तीनदा वाच. केस असलीच तर बहुतेक वेळा तिथेच सापडते.

कोर्टाबाहेरचं काम म्हणजे इन्क्वायरी, प्लॅनिंग इन्स्पेक्टरपुढची सुनावणी. तिथे उलटतपासणीत हवं ते उत्तर मिळालं की थांब. माझ्या पहिल्या इन्क्वायरीत वटवाघळांच्या तज्ज्ञाला मी एक प्रश्न जास्त विचारला आणि त्यांनी आधी कबूल केलेलं सगळं शांतपणे सावरून घेतलं!

इन्क्वायरी सर्वांना खुली असते. मोकळ्या दिवशी मागच्या रांगेत जाऊन बस. साइट व्हिजिटला चिखलात चालतील असे बूट घाल. तिथे इन्स्पेक्टरना जागा दाखवायची, युक्तिवाद करायचा नाही.

वाचायचाच तर तेलविहिरीवरचा फिंच खटल्याचा 2024 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाच. हवामान कायद्याचा बाकीचा डोंगर पुढच्या वर्षी.