वाचक विचारतात: जर्मनीतला मधला मजला

प्रश्न: जर्मनीत राज्य आणि जिल्हा यांच्या मधे अजून एक लेव्हल असते म्हणे, मग ती सगळ्या राज्यांत का दिसत नाही?

उत्तर: असते, पण आता फक्त चारच राज्यांत. नाव रेगिरुंग्सबेझिर्क, म्हणजे साधारण आपल्याकडचा महसुली विभाग समजा. नेपोलियनच्या धक्क्यानंतर प्रशियाने, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्याने, कारभार नव्याने लावला त्यात हे आलं, आणि १८१५ नंतर तर प्रत्येक प्रांताचे असे तुकडे पाडले. बव्हेरियाची गंमत वेगळीच, तिथे १८०८ मधे फ्रेंचांचं बघून विभागांना चक्क नद्यांची नावं दिली, इझार, रेझाट वगैरे, मग राजा लुडविग पहिला याला जुन्या इतिहासाचं भारी प्रेम, त्याने १८३८ पासून ती बदलून अप्पर बव्हेरिया, मिडल फ्रँकोनिया अशी केली, तीच आजही चालू आहेत. पूर्व जर्मनीने १९५२ मधे राज्यंच गुंडाळून १४ बेझिर्क म्हणजे विभाग केले, पण ते प्रकरण वेगळं, १९९० ला राज्यं परत आली.

बाकी ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेटने २००० ला आणि लोअर सॅक्सनीने २००४ संपताना हा मजलाच काढून टाकला. बव्हेरिया मात्र सोडेल असं मला तरी वाटत नाही.