गावातलं पर्यटन हे करिअर होऊ शकतं का?

पत्र: हरिहर गडाच्या पायथ्याला एका पाड्यावर आमचं घर आहे. मी नाशिकला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावर जत्रा भरते. पुण्या-मुंबईचे ग्रुप बस भरून आणतात आणि आमच्याकडे फक्त पिठलं-भाकरी खातात. दिवाळी झाली की आई-वडील धाकट्या भावाला घेऊन निफाडला द्राक्षाच्या कामाला जातात, त्याची शाळा बुडते. बाकीच्या डोंगराळ भागात गावकरी स्वतः पर्यटन चालवतात असं वाचलं. मला तेच करायचं आहे. वडील म्हणतात एमपीएससी कर. काय शिकू, किती पैसे मिळतील, आणि हे टिकेल का?

उत्तर:

तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकात एक गुंतले आहेत. पाड्यावर पर्यटन चालेल का, हा एक. त्यावर तुझं पोट चालेल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो, पण मर्यादेत. दुसऱ्याचं उत्तर, पहिली दोन-तीन वर्षं तरी नुसत्या त्यावर नाही. वडिलांची काळजी रास्त आहे, म्हणून आधी आकडे मांडू.

समजा सहा घरं तयार झाली आणि प्रत्येक घरी दोन पाहुणे, म्हणजे एका रात्रीला बारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी साधारण 17 शनिवार-रविवार येतात. आठवड्याला दोन रात्री धरल्या आणि निम्म्याच जागा भरल्या, तर हंगामात 204 मुक्काम होतात. दोन वेळचं जेवण, नाश्ता आणि वाटाड्यासह माणशी 1,200 रुपये घेतले, तर वाटणी अशी करता येईल: ज्या घरी पाहुणा उतरला त्या घराला 800, वाटाड्याला 150, गावनिधीला 120 आणि समन्वयकाला, म्हणजे तुला, 130. प्रत्येक घराला हंगामाचे 27,200 रुपये येतात. किराणा, गॅस-सरपण, साबण-चादरी यांचा पाहुण्यामागे 300 रुपये खर्च धरला, तर हातात साधारण 17,000 उरतात. तुझ्या वाट्याला 26,520.

चार महिन्यांचे साडेसव्वीस हजार म्हणजे पगार नव्हे, हे वडिलांना सरळ सांग. आणि घराला मिळणारे 17,000 म्हणजे दोन माणसांची द्राक्षबागेतली मजुरीही नव्हे. पहिली काही वर्षं वडील गोडी छाटणीपासून, म्हणजे द्राक्षाला फळ धरण्यासाठीच्या छाटणीपासून, माल उतरेपर्यंत जातीलच. पण एवढ्या पैशात आई घरी राहू शकते, आणि आई राहिली की भावाची शाळा सुटत नाही. पहिल्या वर्षाचं यश यावरून मोजायचं.

आई दिवाळीनंतर घरी राहावी म्हणूनच हिशेब हिवाळ्याचा मांडला. पावसाळ्यातली गर्दी डोक्यातून काढून टाक. जुलैत भाताची आवणी असते. पाड्यातला प्रत्येक हात चिखलात हवा असतो आणि नेमके तेव्हाच शेकडो लोक येतात. गडाच्या खडकात कोरलेल्या त्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. हात धरायच्या खोबणी ओल्या असतात, मागून रेटा येतो. एका खोबणीत दोघांचे हात पडले की अपघात ठरलेलाच. वर एक आणि खाली एक असा शिट्टी घेतलेला माणूस उभा केला, एका वेळी एकाच दिशेला वीस जण सोडले, तर कोंडी सुटते. हे काम वन विभागाशी बोलून, मानधन ठरवून पाड्यातल्या पोरांनी जरूर करावं. पण मुक्कामाचा पाहुणा हिवाळ्यातलाच हवा. तेव्हा भात-नागली घरात आलेली असते, हवा निर्मळ असते आणि माणसं कामाच्या शोधात बाहेर पडत असतात. पर्यटन हे जोडपीक आहे. मुख्य पीक उभं असताना ते रानात घुसवायचं नाही.

आता पाणी. पाहुण्याने बादलीने अंघोळ केली आणि संडासात डब्याने पाणी ओतलं, तरी दिवसाला 40 लिटर लागतात. आपला हंडा साधारण 15 लिटरचा, म्हणजे माणशी जवळजवळ तीन हंडे. बारा पाहुण्यांना बत्तीस. त्र्यंबक-इगतपुरीच्या घाटमाथ्यावर पाऊस धो धो पडतो, पण खाली काळा पाषाण आणि वर वीतभर माती असल्यामुळे तो थांबत नाही, आणि उन्हाळ्यात टँकर येतो. ते बत्तीस हंडे कोणाच्या डोक्यावरून येणार? तुझ्या आईच्या आणि शेजारच्या काकूंच्या. तेव्हा विहिरीत दोरी सोडून दर महिन्याच्या 1 तारखेला पाण्याची खोली मोज आणि वहीत लिही. पाणी एका ठरलेल्या खुणेखाली गेलं की मुक्काम बंद, मग बुकिंग कितीही येवो. ही खूण गावाने ठरवायची, तू एकटीने नाही.

संडासाचंही तसंच. दोन खड्ड्यांचा संडास घरच्या पाच-सहा माणसांच्या हिशेबाने बांधलेला असतो. पाहुणे आले की खड्डा लवकर भरतो. पावसाळ्यात मुरमाच्या जमिनीत भूजल वर येतं, खड्ड्यात पाणी शिरतं आणि मैला उलटतो. खड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. आपल्या खडकाला भेगा असतात, त्यामुळे याहून लांब जमलं तर उत्तम. एक खड्डा चालू असताना दुसरा बंद ठेवून कुजू द्यायचा. दोन्ही एकदम वापरले की पद्धतच मोडते, आणि ही चूक फार ठिकाणी होते.

हे टिकेल का, असं तू विचारलंस. डोंगरात टिकणं म्हणजे काय, ते आपल्याच राज्यात पाहायला मिळालं आहे. 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर आला आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडी गाडली गेली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पर्यटनावर उभी असलेली गावं रातोरात रिकामी झाली. म्हणून प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लाव: उद्या एक अख्खा हंगाम कोणीच आलं नाही, तर कोणाची चूल बंद पडेल का? पडणार असेल, तर तो निर्णय चुकीचा. कर्ज काढून बांधलेल्या खोल्या या कसोटीत पहिल्याच फटक्यात नापास होतात. राज्याच्या 2023 च्या ‘आई’ धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायाला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळतो. योजना चांगली आहे, पण पहिले दोन हंगाम त्या वाटेला जाऊ नकोस. आहे त्या घरातली एक खोली, शेणाने सारवलेली जमीन, स्वच्छ गोधडी, मच्छरदाणी आणि आतून लागणारी कडी एवढ्यावर सुरुवात होते. सिंहस्थाचंही तेच. 2027 च्या कुंभमेळ्याला त्र्यंबकमध्ये लाखो लोक येतील आणि कोणीतरी तुम्हाला खोल्या बांधायला सांगेल. पर्वणीच्या गर्दीसाठी बांधलेली खोली पुढची अकरा वर्षं हप्ते मागते.

पार्किंगसाठी डोंगराचा पायथा जेसीबीने कापू देऊ नका. पायथा कापला की वरच्या मातीचा आधार सुटतो. वरच्या उतारावर नव्या भेगा दिसल्या, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा नव्या जागी पाणी फुटलं, की पाहुणे आणि गावकरी दोघांनीही तिथून हलायचं आणि तहसील कार्यालयाला कळवायचं. गावनिधीतले पहिले पैसे याच कामाला लागावेत: पर्जन्यमापक, बॅटऱ्या, दोर, स्ट्रेचर. वरच्या हिशेबाने निधीत हंगामाला 24,480 रुपये जमतात. एवढ्यात हे सगळं बसतं.

आता बाकीच्या डोंगराळ भागांबद्दल. उत्तराखंडात मुनस्यारीजवळच्या सरमोलीला 2023 मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने सर्वोत्कृष्ट पर्यटन गाव ठरवलं. तिथली पाहुण्यांची घरं बायका चालवतात आणि पर्यटनाचं काम वनपंचायतीच्या, म्हणजे गावाने सांभाळायच्या, जंगलाशी जोडलेलं आहे. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या गावांत हिमबिबट्या शेळ्या-मेंढ्या मारायचा, म्हणून लोकांचा त्याच्यावर राग होता. घरगुती मुक्कामातून पैसा येऊ लागल्यावर तोच बिबट्या गावाला जिवंत हवासा झाला. नागालँडमधल्या खोनोमाने 1998 मध्ये शिकार स्वतःहून बंद केली, पर्यटक त्यानंतर आले. सरमोलीत आणि खोनोमात जंगलाची जबाबदारी आणि पर्यटनाचा पैसा एकाच हातात आहे, गावाच्या. पाळी हा यातला महत्त्वाचा नियम. पाहुणा कोणत्या घरी जाणार हे यादीप्रमाणे ठरतं, सिमेंटचं घर किंवा सरपंचांची ओळख बघून नाही. पाळी मोडली की तिसऱ्या महिन्यात भांडण होतं आणि पाचव्या महिन्यात एक घर वेगळं बुकिंग घ्यायला लागतं. बहुतेक गाव-पर्यटन पाहुण्यांअभावी मरत नाही, यानेच मरतं.

उलटा अनुभव भंडारदऱ्याच्या बाजूला मिळतो. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथे काजवे लागतात. नर-मादी एकमेकांना प्रकाशाच्या इशाऱ्याने ओळखतात. गाड्यांचे हेडलाइट आणि मोबाइलच्या बॅटऱ्या लागल्या की तो इशाराच दिसत नाही. अळ्या जमिनीत असतात, त्या पायाखाली जातात. ज्याला बघायला लोक येतात तेच लोकांमुळे कमी होतं. किती येऊ द्यायचे हे गावाच्या हातात नसेल, तर असंच होणार.

म्हणून तुझं खरं काम पर्यटक आणण्याचं नाही, ते इन्स्टाग्राम करतंच. तुझं काम नियम बसवण्याचं आणि हिशेब ठेवण्याचं आहे. सुरुवात ग्रामसभेच्या ठरावापासून कर. त्र्यंबकेश्वर तालुका पेसा क्षेत्रात येतो, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा तिथे लागू आहे, आणि राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र ग्रामसभा मागता येते. ठरावात एका रात्रीचे जास्तीत जास्त पाहुणे, दर, वाटणी, पाळी, पाण्याची खूण आणि दारूबंदी लेखी असू दे. पैसा बचत गटाच्या खात्यात जावा, दोन सह्यांनी निघावा आणि महिनाअखेरीस हिशेब भिंतीवर लागावा. गडाची वाट वनजमिनीवरून जाते, तेव्हा संयुक्त वन व्यवस्थापन समितीला सोबत घे. घरांची नोंदणी पर्यटन संचालनालयाच्या नाशिकच्या विभागीय कार्यालयातून होते. जेवण देणाऱ्या घरांना अन्न सुरक्षा नोंदणी लागते. परदेशी पाहुणा आला तर 24 तासांच्या आत त्याची ऑनलाइन माहिती भरावी लागते, हे विसरलं की पोलीस दारात येतात.

शिक्षणाकडे येऊ. आधी बी.ए. पूर्ण कर. भूगोल तुझ्या कामाचाच आहे: उताराचा नकाशा, पाणलोट, जीपीएसने वाट आखणं हे सगळं प्रकल्पाला घे आणि प्रकल्प स्वतःच्या पाड्यावरच कर. त्यानंतर दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा पूर्ण अभ्यासक्रम कर. तो साधारण 80 तासांचा असतो, मसुरीच्या हनीफल केंद्रात होतो. खर्चिक आहे, पण बाकी कशाहीपेक्षा आधी हाच. रक्तस्राव थांबवणं, मोडलेला पाय बांधणं, आणि सापाने चावलं तर दोरी न आवळता, चिरा न देता, तो अवयव न हलवता 108 बोलावणं, हे हातात बसायला सराव लागतो.

तिसरी पायरी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा मनालीच्या संस्थेचा सुमारे महिनाभराचा बेसिक अभ्यासक्रम. सरकारी संस्था असल्यामुळे शुल्क आवाक्यात असतं, पण जागा फार आधी भरतात. त्यामुळे अर्ज कित्येक महिने आधीच टाक, आणि पाठीवर 15 किलो घेऊन रोज चढ-उतार सुरू कर. तुझी चाल डोंगरातली आहे, तिथे शहरातल्या मुलांपेक्षा तुला सोपं जाईल. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणामुळे आयोजकांना प्रशिक्षित मार्गदर्शक लागतात, त्यामुळे या प्रमाणपत्रावर शनिवार-रविवारची कामं मिळतात. समन्वयकाच्या 26,520 मध्ये भर पडते ती यातून, आणि नाशिकच्या शाळा-महाविद्यालयांच्या आठवड्याच्या मधल्या सहलींतून.

पदव्युत्तर शिक्षणाची घाई नको. दोन हंगाम गावात काढल्यावर तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत ग्रामविकासाचा किंवा ग्वाल्हेरच्या पर्यटन संस्थेत व्यवस्थापनाचा विचार कर. तोपर्यंत तुझ्याकडे विचारायला खरे प्रश्न असतील. हॉटेल मॅनेजमेंट मात्र या कामासाठी घेऊ नकोस. ते तारांकित हॉटेलचं शिक्षण आहे. तुमच्या घरची नागलीची भाकरी, कुळथाची शेंगोळी आणि पावसाआधीची शेवळं ही रानभाजी कशी करायची हे तिथे शिकवत नाहीत, आणि आईला ते येतंच.

एमपीएससी सोडू नकोस, पण मोजून दे. दोन प्रयत्न, तारखा आजच लिहून ठेव. पूर्वपरीक्षेचा भूगोल आणि पंचायत राज तुझ्या कामाशी जोडलेले आहेत, तो अभ्यास वाया जाणार नाही. दुसऱ्या प्रयत्नानंतर काय करायचं याचा निर्णय वडिलांसोबत बसून, तेव्हाच्या वहीतल्या आकड्यांवर घ्यायचा.

आणि आताच्या सुट्टीत एवढं कर: पाड्यातल्या प्रत्येक घरी जाऊन विचार, दिवाळीनंतर कोण बाहेर जातं, कोणाला थांबायचं आहे आणि कोणाकडे एक खोली रिकामी आहे. ज्या घरातल्या बाईने स्वतः ‘हो’ म्हटलं तेवढीच घरं यादीत घे. सहाऐवजी तीन निघाली तर तीनच. तिघींना घेऊन आधी ओळखीतले चार पाहुणे एका रात्रीसाठी पूर्ण पैसे घेऊन बोलाव, आणि सकाळी ते गेल्यावर तिघींना विचार, किती हंडे लागले.