शाळेच्या व्हॅनमध्ये मूल राहून जाऊ नये म्हणून दप्तरात कोणते यंत्र ठेवावे?

तुमची मुलगी चार वर्षांची आहे, जूनपासून ती व्हॅनने शाळेत जाणार आहे, बंद गाडीत मुले दगावल्याच्या बातम्यांनी तुमची झोप उडाली आहे आणि दप्तरात ठेवायला जीपीएसचे कोणते यंत्र घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. यंत्रांच्या कंपन्यांतले मला काही कळत नाही. मात्र नागपूरच्या एका खासगी शाळेत मी अनेक वर्षे बालवर्गाला शिकवले, तिथल्या परिवहन समितीवर होते आणि नेमक्या याच विषयावरून मुख्याध्यापिकांशी माझे जे बिनसले, ते निवृत्त होईपर्यंत बिनसलेलेच राहिले. त्यामुळे उत्तर लांबेल.

यंत्राचे आधी सांगून टाकते. दप्तरातले यंत्र दप्तर कुठे आहे ते सांगते. व्हॅन शाळेच्या भिंतीला लागून उभी असेल, तर नकाशावरचा ठिपका शाळेवरच दिसेल आणि तुम्ही निर्धास्तपणे कामाला लागाल. ज्या संकटाची तुम्हाला भीती वाटते, ते बहुतेक वेळा शाळेच्या आवारात किंवा त्याच्या शेजारीच घडते.

आमच्याकडे तसेच घडले. एप्रिल महिना होता आणि सकाळची शाळा होती. घरून निरोप न येता जे मूल गैरहजर असेल, त्याच्या घरी परिपाठ आटोपला की लगेच फोन करायचा, ही माझी जुनी सवय होती आणि शिक्षककक्षात तिची भरपूर थट्टा होत असे. त्या दिवशी एक मुलगा आला नव्हता. फोनवर त्याची आई म्हणाली, “मॅडम, तो तर केव्हाच गेला. मीच बसवलं त्याला व्हॅनमध्ये.” वर्ग मावशींवर सोपवून मी फाटकाबाहेर धावले. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या मैदानात व्हॅन उभी होती, तोंड पूर्वेला, काचा वर, दारे बंद. आणि व्हॅनवाले काका टपरीवर चहा घेत होते. माझ्या हाका ऐकून ते किल्ली घेऊन आले, तरी “सगळी उतरली मॅडम, मी मोजली” हेच त्यांचे चालू होते. जादा मुले बसवता यावीत म्हणून त्यांनी मागे एक लाकडी फळी टाकून घेतली होती (ती बेकायदा होती आणि समितीवरच्या आम्हा सर्वांना ठाऊक होती). मुलगा त्या फळीवर झोपला होता आणि झोपेतच घरंगळून खाली गेला होता. केस पाण्यातून काढल्यासारखे ओले, गाल लालबुंद, टायचे इलॅस्टिक मानेवर रुतलेले. शेजारच्या काळ्या रेक्झिनवर हात टेकवत नव्हता. मी उचलल्यावर तो कुरकुरला आणि पाणी मागू लागला. डॉक्टरांनी तपासून दुपारी घरी सोडले. तो सापडला तेव्हा सव्वाआठ वाजले होते; शाळा सुटायची वेळ साडेअकराची होती.

उन्हाचे गणित लोकांना पटत नाही, म्हणून दोन ओळी. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार, उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सुमारे 22 अंश सेल्सिअसने चढते आणि त्यातली जवळजवळ चार पंचमांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच इंचभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर प्रौढाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते. बाहेर 30 अंश असलेली, आपल्याला सुखद वाटणारी नागपूरची सकाळदेखील त्यासाठी पुरेशी आहे. त्याला मे महिन्याची दुपार लागत नाही.

त्यानंतर बैठक झाली. नेहमीच्या मदतनीस बाई त्या दिवशी रजेवर होत्या, चालक एकटाच होता, त्याला काढून टाकले आणि विषय संपला, असे मुख्याध्यापिकांनी जाहीर केले. मी दोन गोष्टी मांडल्या. प्रत्येक फेरीनंतर चालकाने मागचे दार उघडून शेवटच्या आसनापर्यंत हात घालून पाहावे, आणि गैरहजर मुलाच्या घरी पहिला तास संपण्याच्या आत शाळेने फोन करावा. पहिली गोष्ट त्यांनी मान्य केली. दुसरीवर त्या म्हणाल्या, “मूल येणार नसेल तर कळवणं हे पालकांचं काम आहे. शिक्षक म्हणजे टेलिफोन ऑपरेटर नव्हेत. आणि एकदा फोन करायला लागलो, की चुकलेल्या फोनला आपणच जबाबदार.” शेवटचे वाक्य खरे कारण होते. जबाबदारी अंगावर येऊ नये म्हणून ती घ्यायचीच नाही, हा शहाणपणा मला तेव्हाही निंद्य वाटला आणि आजही वाटतो.

काही वर्षांनी, सप्टेंबर 2022 मध्ये, जपानच्या शिझुओका प्रांतातील माकिनोहारा येथे बालवाडीच्या बसमध्ये तीन वर्षांची मुलगी सुमारे पाच तास राहिली आणि उष्माघाताने दगावली. रोजचा चालक नव्हता, म्हणून त्या दिवशी संस्थेच्या प्रमुखांनी स्वतः बस चालवली होती. वर्गशिक्षिकेला मुलगी आलेली नाही हे दिसले होते, पण तिने घरी विचारले नाही. हे वाचून मी वर्तमानपत्र बाजूला ठेवले आणि बराच वेळ नुसती चिडून बसले, कारण आमच्या बैठकीतले सगळे त्यात होते, फक्त शेवट वेगळा होता. त्याच्या आदल्याच वर्षी जपानच्याच फुकुओका प्रांतात पाच वर्षांचा मुलगा असाच गेला होता. मग 2023 च्या एप्रिलपासून तिथे बालवाड्यांच्या बसमध्ये असे उपकरण बसवणे सक्तीचे झाले, की चालकाला त्याचा भोंगा बंद करण्यासाठी बसच्या मागच्या टोकापर्यंत चालत जावे लागते किंवा आत राहिलेले मूल संवेदकाला कळते. दक्षिण कोरियाने 2018 मध्ये डोंगदुचेऑन शहरात चार वर्षांची मुलगी अशीच दगावल्यावर हाच मार्ग धरला होता. तुम्हाला यंत्रच हवे असेल तर ते असे हवे, आणि ते दप्तरात नव्हे तर गाडीत हवे. ते बसवायला तुमच्या शाळेला भाग पाडता आले तर जरूर पाडा.

चालकाला हाकलून काही साधत नाही, असे मी तेव्हा म्हटले तर मी त्याची बाजू घेते असा बोभाटा झाला. दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातील मेंदूचे अभ्यासक डेव्हिड डायमंड यांनी गाडीत मूल विसरले जाण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. सवयीने घडणारे काम मेंदूचा एक भाग आपोआप पार पाडतो आणि ‘आज अमुक वेगळे करायचे आहे’ हे लक्षात ठेवणारा दुसरा भाग त्याखाली दबून जातो, असे ते सांगतात. अमेरिकेत 1998 पासून दरवर्षी सरासरी 37 च्या आसपास मुले गाडीतल्या उष्म्याने दगावली असून त्यांतली निम्म्याहून अधिक विसरली गेली होती, तीही बहुधा जन्मदात्यांकडून. प्रेम असले की माणूस विसरत नाही, असे मानणाऱ्यांनी हे वाचावे. माझा रोख चालकावर नव्हताच. चालक चुकला तरी तासाभरात ते उघडकीला आणणारी दुसरी सोय असावी, एवढेच माझे म्हणणे होते.

महाराष्ट्रात स्कूल बससाठी 2011 चे नियम आहेत. मदतनीस आणि परिवहन समिती त्यांतच सांगितली आहे. कागदावर दोन्ही आमच्याकडेही होते. म्हणून प्रवेश घेताना ‘समिती आहे का’ असे विचारू नका. ‘माझी मुलगी वर्गात पोहोचली नाही तर मला किती वाजता फोन येईल आणि तो कोण करील’ असे विचारा. उत्तर देताना समोरची व्यक्ती घुटमळली तर तुम्हाला जे कळायचे ते कळले. मदतनीस रजेवर असेल त्या दिवशी कोण येते, हेही विचारा, कारण गडबड नेमकी त्याच दिवशी होते.

मुलीलाही काही शिकवता येईल. जपानमध्ये लहानग्यांना हॉर्नवर बसून तो वाजवायला शिकवू लागले, कारण त्यांच्या हातांत तेवढा जोर नसतो. मात्र काही गाड्यांचा हॉर्न किल्लीशिवाय वाजत नाही, तेव्हा त्या व्हॅनचा वाजतो का ते आधी पाहा. शिवाय चार वर्षांचे मूल घाबरले की शिकवलेले विसरते, म्हणून यावर विसंबू नका. घरच्या गाडीचे दार मात्र अंगणातही कुलूपबंद ठेवा. जून 2023 मध्ये नागपुरातच घराजवळ उभ्या असलेल्या मोटारीत खेळता खेळता अडकून तीन मुले गेली; त्यांना कोणी विसरले नव्हते. आणि बंद गाडीत कोणाचे मूल दिसले तर मालकाला शोधत फिरू नका. मुलापासून लांबची काच फोडा, सावलीत नेऊन अंगावर पाणी घाला, वारा घाला आणि 108 ला फोन करा.

आता मुख्याध्यापिकांच्या बाजूचेही एक सांगायला हवे. मुलीला सर्दी झाली म्हणून घरी ठेवाल आणि शाळेला कळवणार नाही, असे वीस पालकांनी केले तर बाई रोज वीस फोन करतील आणि महिन्याभरात ते थांबतील. माझ्याकडेही काही आठवडे तसेच झाले होते. तेव्हा सुट्टी घेताना सकाळी सातच्या आत निरोप द्या, शाळेत आजी किंवा शेजाऱ्यांचा दुसरा क्रमांकही नोंदवा, आणि शाळेचा क्रमांक नावासकट साठवून ठेवा, म्हणजे कर्ज देणाऱ्यांचा समजून तुम्ही तो कापणार नाही.