रोलर कोस्टर बनवून भौतिकशास्त्र शिकवता येतं का? वेळ वाया जात नाही का?

येतं. आणि वेळ जातो, पण वाया जात नाही. हे मला एकदा स्टाफरूममध्ये पटवून देता आलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. बारावीचं पहिलंच प्रकरण रोटेशनल डायनॅमिक्स, म्हणजे फिरणाऱ्या वस्तूंची गती. उभ्या वर्तुळाचं, म्हणजे उभा लूप न पडता पार करण्याचं गणित मुलांना तोंडपाठ असतं: तळाशी वेग किमान रूट फाइव्ह जीआर (जी गुरुत्वत्वरण, आर त्रिज्या), म्हणजे गोटी त्रिज्येच्या अडीचपट उंचीवरून सोडायची. एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा फोमचा पाइप आणला, कटरने उभा चिरून पन्हळी केल्या, पॅकिंग टेपने १५ सेंमी त्रिज्येचा लूप बांधला. मुलांनी उंची काढली ३७.५ सेंमी. गोटी सोडली, तर ती माथ्याला पोचायच्या आधीच पन्हळ सोडून खाली बाकावर. पाच वेळा तेच.

"मॅडम, सूत्र चुकलंय."

मी गप्प बसले. दहाएक मिनिटं वर्गात नुसती भांडणं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात कधी बोलली नव्हती, म्हणाली, "गोटी घसरत नाहीये, घरंगळतेय." त्याच प्रकरणात पुढे रोलिंग मोशन आहे. भरीव गोलाच्या गतिज ऊर्जेतला २/७ भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो, हे मुलांनी वहीत लिहिलेलं होतं. पण उभं वर्तुळ वेगळं, रोलिंग वेगळं, दोन्ही एका गोटीत असतात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नवं उत्तर आलं २.७ पट, ४०.५ सेंमी. तरीही गोटी पडली! अखेर ५२ ला पार झाली. मग वरचे साडेअकरा सेंमी कुठे गेले याचा शोध. लूप हलत होता, फोम दबत होता. दोन्ही बाजूंनी स्टूल लावून लूप घट्ट केला, तेव्हा ४७ वर आलो.

दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात नायट्रो या रोलर कोस्टरवर बसून आलेल्या मुलाने विचारलं, तिथला लूप गोल का नाही? गोल लूप जेमतेम पार होईल एवढाच वेग धरला, तरी तळाशी माणसाला स्वतःच्या वजनाच्या सहापट दाब सोसावा लागतो. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला गोल लूपची गाडी होती, तिच्या झटक्यांनी लोकांच्या माना दुखायच्या. वेग जास्त असतो तिथे त्रिज्या मोठी, माथ्यावर लहान, असा थेंबासारखा लूप १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगल यांच्या डिझाइनने रुळला. हे सगळं व्ही स्क्वेअर बाय आर (वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या) मधूनच निघतं, आणि ते मुलांनी स्वतः काढलं.

आमचे विभागप्रमुख तेव्हा म्हणाले, "सीईटीला हे येत नाही, पोर्शन किती मागे गेला?" दोन तास गेले होते. सर, त्या दोन तासांत एका प्रकरणातले दोन विषय पक्के झाले, आणि रूट फाइव्ह जीआर कुठे लावायचं नाही हे कळलं. चार पर्यायांतून उत्तर निवडणाऱ्या मुलाला नेमकं हेच कळत नाही.

प्रदर्शनासाठी थर्माकोलचा रंगवलेला कोस्टर मात्र करू नका. ज्यातून गोटी पडूच शकत नाही, त्यातून काही शिकताही येत नाही.

साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही, प्रॅक्टिकलच्या वीसच्या बॅचमध्येच करा. मार्क वाढतील असंही मी सांगत नाही. नववी-दहावी असेल तर लूपच्या नादी लागू नका. दोन टेकड्या करा, दुसरी पहिलीएवढीच उंच ठेवा, आणि गोटी का चढत नाही ते मुलांना सांगू दे. काचेची गोटी घ्या. प्लास्टिकची हलकी असते, फोमवर लवकर मंदावते.