कोलेस्टेरॉलची गोळी आणि उतारवयातील पथ्यपाणी

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत. बेळगावच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी त्यांना रोज रात्री घेण्यासाठी २० मिलिग्रॅम अटोर्वास्टॅटिनची गोळी लिहून दिली. तेव्हापासून गावातल्या लोकांच्या सांगण्यावरून त्यांनी शेंगदाणे, दूध, अंडी, तूप सगळेच सोडले आहे. भाकरी, पातळ आमटी आणि ताक एवढ्यावरच ते असतात आणि त्यांचे वजन बरेच उतरले आहे. आमच्या परसात पपनसाचे झाड आहे. गणपतीच्या दिवसांत ते फळ घरात सगळेच आवडीने खातात. पण या गोळीबरोबर पपनस अजिबात चालत नाही, असे आम्ही मोबाइलवर वाचले. नेमके काय टाळावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : पपनसाचे उत्तर पुढे देतेच, पण आपल्या सासऱ्यांचे उतरलेले वजन मला त्याहून अधिक काळजीचे वाटते. सीमाभागातल्या पुष्कळ घरांत मी हेच पाहते : कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, की वडीलधारी माणसे भीतीपोटी एकेक जिन्नस सोडत जातात आणि सहा-आठ महिन्यांत अंगावरचे कपडे सैल होतात. या औषधाची खाण्यापिण्याची बंधने खरे तर थोडी आहेत, मात्र जी आहेत ती काटेकोरपणे पाळावी लागतात.

आपल्या रक्तातील बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. अटोर्वास्टॅटिनसारखी स्टॅटिन गटातील औषधे यकृतातील ही निर्मिती मंदावतात; मग यकृत रक्तातले घातक समजले जाणारे एलडीएल कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात ओढून घेते. आहारातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा, म्हणजे तूप, लोणी, खवा, मटणाची चरबी, पामतेल आणि खोबरेल तेल यांतील स्निग्धांशाचा, एलडीएलवर अधिक परिणाम होतो. शेंगदाण्यात तर कोलेस्टेरॉल मुळीच नसते, कारण ते कोणत्याही वनस्पतिजन्य पदार्थात नसते. तेव्हा भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि फोडणीपुरते शेंगतेल यांत भिण्यासारखे काही नाही. मीठ मात्र बेताचे असावे, विशेषतः रक्तदाबाची गोळीही चालू असेल तर.

दूध सायीशिवाय द्यावे. अंड्याच्या बलकात सुमारे २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, पांढऱ्या भागात नसते. त्यामुळे आठवड्यातून तीन-चार दिवस एक अंडे आणि त्याखेरीज हवा तेवढा पांढरा भाग द्यायला माझी हरकत नाही. मधुमेह असेल तर बलकाचे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे. उतारवयात स्नायू टिकवायचे तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५५ किलो वजनाच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. भाकरी, पातळ आमटी आणि ताकावर तेवढी मिळत नाहीत. हुलग्याची घट्ट उसळ, मसूर, मूग, चवळी हे आपल्याकडचे नेहमीचेच जिन्नस आहेत. त्यांतून प्रथिने मिळतात आणि त्यांतला विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारा, तंतू एलडीएल थोडेसे खाली आणायलाही मदत करतो. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिने डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेतच ठेवावीत. वजनाचा मुद्दा मी एवढा लावून धरते, याला आणखी एक कारण आहे. या औषधांमुळे काहींना स्नायूंचा त्रास होतो आणि कृश, अशक्त वृद्धांमध्ये त्याची शक्यता अधिक असते. मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे दोन्ही बाजूंनी दुखू लागले, जिना चढताना पायांत बळ राहिले नाही किंवा लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आता पपनस. ग्रेपफ्रूट नावाचे परदेशी फळ आणि आपले पपनस एकाच कुळातील आहेत आणि दोन्हींत फ्युरानोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक विकर (एन्झाइम) असते, जे काही औषधांचा बराच भाग रक्तात पोहोचण्याआधीच मोडून टाकते. ही द्रव्ये ते विकर निकामी करतात, त्यामुळे गोळी तेवढीच घेतली तरी रक्तात औषध अधिक पोहोचते आणि स्नायूंच्या त्रासाचा धोका वाढतो. नवे विकर तयार व्हायला एक ते तीन दिवस जातात. म्हणून सकाळी फळ आणि रात्री गोळी अशी वेळेची फारकत करून उपयोग होत नाही. याच गटातले सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्णपणे टाळावे. अटोर्वास्टॅटिनवर परिणाम त्यापेक्षा कमी असला तरी होतो. त्यातही मोठे प्रमाण, विशेषतः पेले भरून रस, घातक ठरू शकते. सणाच्या दिवशी एखादी फोड तोंडात टाकल्याने अनर्थ होत नाही, परंतु झाड घरचेच असल्याने रोज अर्धे फळ पोटात जात असेल, तर ते थांबवायला हवे. फळांचा हंगाम लांबतो, हे लक्षात घेता आपण त्यांच्या डॉक्टरांना गोळी बदलून याच गटातले रोसुव्हास्टॅटिन देता येईल का, हे जरूर विचारावे, कारण त्या गोळीवर या फळाचा परिणाम होत नाही. मोसंबी, नेहमीची गोड संत्री आणि जेवणातले लिंबू यांना बंदी नाही.

कमी करायचे ते वेगळेच आहे. बेळगावचा कुंदा खव्याचा असतो, तो कुणी दिला तर चमचाभर चाखावा, वाटीभर नको. चहाबरोबर रोज खाल्ली जाणारी खारी आणि टोस्ट बहुधा पामतेलात किंवा वनस्पती तुपात केलेले असतात. घरातल्या तुपाच्या चमच्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि खारीच्या पुड्याकडे कुणी पाहत नाही. भेजा, वजडी आणि चरबीचे मटण या वयात टाळलेले बरे.

प्रश्न : वय ६८. निपाणीतील डॉक्टरांनी मला रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम दिले आहे. हृदयाच्या तपासणीसाठी मी मिरजेलाही जातो. जेवणानंतर आम्लपित्ताचे पातळ औषध घेतो. आठवड्यातून दोनदा थोडे मद्य घेतो आणि त्या दिवशी गोळी घेत नाही. हे योग्य आहे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : मद्य घेतले म्हणून गोळी चुकवणे योग्य नाही. स्टॅटिनचा फायदा ती अखंड घेण्यात आहे. आठवड्यातून दोन दिवस ती गेली, तर औषध अर्धवटच घेतल्यासारखे होते. दोन्हींपैकी एक सोडायचेच असेल, तर मद्य सोडावे. मद्याने ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील एका प्रकारची चरबी, वाढतात, यकृतावर भार पडतो आणि या वयात रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती असते. यकृताचा आजार असेल किंवा पिणे रोजचे असेल, तर ते डॉक्टरांपासून लपवू नये.

आम्लपित्ताच्या पातळ औषधात बहुधा अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते रोसुव्हास्टॅटिनबरोबर घेतले, तर रक्तात पोहोचणारे औषध जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून आधी गोळी घ्यावी आणि त्यानंतर किमान दोन तासांनी पातळ औषध घ्यावे. रोसुव्हास्टॅटिन दिवसाच्या कोणत्याही वेळी, जेवणाआधी किंवा नंतर चालते. फक्त वेळ रोज एकच असावी.

आपण दोन ठिकाणी उपचार घेता, यात एक मोठा धोका आहे. एकाच गटातील गोळी निपाणीत एका नावाने आणि मिरजेत दुसऱ्या नावाने लिहिली जाते आणि रुग्ण दोन्ही वेगळ्या समजून घेतो. पाकिटावरचा इंग्रजी किंवा कानडी मजकूर वाचता येत नसेल, तर औषध दुकानदाराकडून प्रत्येक पाकिटावर मूळ औषधाचे नाव आणि वेळ मराठीत लिहून घ्यावी. खोकला-तापासाठी कुणी प्रतिजैविक दिले, तरी आपण स्टॅटिन घेता हे आधी सांगावे. क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन यांचे सिमव्हास्टॅटिन आणि अटोर्वास्टॅटिनशी विशेष वावडे आहे.

प्रश्न : मी ७१ वर्षांची आहे. एकादशीला मी गोळी घ्यावी का? रात्री झोपताना इसबगोल आणि कोलेस्टेरॉलचे एक गावठी चूर्णही घेते.
— एक वाचक, अथणी

उत्तर : अटोर्वास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन रिकाम्या पोटीही चालते, त्यामुळे उपवासाच्या दिवशी ती चुकवण्याचे कारण नाही. दिवसभर पाणी, ताक, शहाळे असे पीत राहावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर उपवासाचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, कारण साखर एकाएकी उतरू शकते.

इसबगोल एलडीएल कमी करायला मदतच करते. परंतु ते गोळीच्या बरोबरीने न घेता दोन तासांचे अंतर ठेवावे आणि त्यावर भरपूर पाणी प्यावे.

चूर्णाविषयी मात्र मी सावधच आहे. त्यात काय आहे हे डब्यावर लिहिलेले नसेल, तर ते आजपासूनच बंद करावे. डब्यावर लिहिलेले असेल, तर तो डबा तसाच डॉक्टरांना नेऊन दाखवावा आणि त्याच भेटीत यकृताची रक्तचाचणी करावी का, हेही विचारावे.